तक्रार नसताना मेंदूचा स्कॅन केला, तर अल्झायमरचा धोका आधी कळतो का?

गोदाकाठ

ज्येष्ठ नागरिक संघाच्या आरोग्य समितीसाठी चार पानी माहितीपत्रक लिहायचं काम चालू आहे. सभासद ६५ ते ८२ वयाचे. तपासणीच्या पॅकेजांत आता 'मेंदूचा एमआरआय, स्मृतिभ्रंशाच्या धोक्यासह' असा प्रकार आला आहे. रिपोर्टसोबत एक रंगीत पान मिळतं: डाव्या-उजव्या हिपोकॅम्पसचं (आठवणी साठवणारा मेंदूचा भाग) आकारमान आणि तुमच्या वयाच्या शंभर माणसांत तुमचा नंबर कितवा. ते पान हातात पडलं की माणूस हादरतो, नाहीतर उगाच निर्धास्त होतो. दोन्ही नको, म्हणून इथे विचारतो आहे.

कसलीच तक्रार नसलेल्या सत्तरीच्या माणसाने हा स्कॅन करावा का? विसरायला होतंय अशी तक्रार असेल तर आधी कुठला स्कॅन, आणि तो नीट झालाय हे कसं ओळखायचं? 'एमटीए २', 'फॅझेकस १', 'वयोमानानुसार झीज' या शब्दांचा अर्थ काय घ्यायचा? पेट स्कॅनमध्ये अमायलॉइड (अल्झायमरमध्ये मेंदूत साचणारं प्रथिन) पॉझिटिव्ह आलं म्हणजे रोग झालाच का?

ढोबळ सल्ला सगळेच छापतात. आकडे, क्रम आणि चुका नेमक्या कुठे होतात, ते हवं आहे.

---

कोरोनल_काप

एमआरआयपुरतं लिहितो, पेटबद्दल त्यातले जाणकार लिहितील.

पहिली गोष्ट पत्रकात ठळक छापा: साध्या एमआरआयमध्ये अमायलॉइड दिसत नाही, टाऊ हे या रोगातलं दुसरं प्रथिनही दिसत नाही. दिसते ती झीज, म्हणजे पेशी आणि त्यांची जोडणी गेल्यावर आक्रसलेली जागा. अमायलॉइड लक्षणांच्या १५ ते २० वर्षं आधीपासून साचू लागतं, झीज त्या मानाने बरीच उशिरा येते. त्यामुळे 'एमआरआय नॉर्मल, म्हणजे अल्झायमर नाही' हे वाक्य चुकीचं आहे. 'हिपोकॅम्पस लहान, म्हणजे अल्झायमर आहे' हेही तितकंच चुकीचं.

तक्रार असेल तर स्कॅनांपैकी एमआरआय पहिला करायचा, तो मुख्यतः दुसरं काही नाही ना हे बघायला. पडल्यानंतर आठवड्यांनी मेंदूवर साचलेलं रक्त (रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर डोक्याला हलका धक्काही पुरतो), गाठ, मोक्याच्या जागी झालेला छोटा पक्षाघात, पाणी साचून फुगलेल्या मेंदूतल्या गुहा (व्हेंट्रिकल). यातल्या काहींवर इलाज आहे. विसरणं, पाय जमिनीला चिकटल्यासारखी चाल आणि लघवी न थांबणं ही तिन्ही एकत्र दिसली, तर गुहांच्या रुंदीचं गुणोत्तर मोजायला सांगायचं. इव्हान्स इंडेक्स ०.३ च्या वर गेला तर पुढचा तपास वेगळ्या वाटेने जातो.

प्रोटोकॉल असा हवा. मेंदूची रचना दाखवणारा थ्रीडी टी-वन, संपूर्ण मेंदूचा, १ मिलिमीटरच्या कापांचा. पांढऱ्या भागातले ठिपके दाखवणारा फ्लेअर. रक्ताचे बारीक ठिपके दाखवणारा एसडब्ल्यूआय, तो नसेल तर ग्रेडियंट एको. आणि ताजा पक्षाघात दाखवणारं डिफ्यूजन. कॉन्ट्रास्टची सुई यासाठी लागत नाही. मशीनवरचा वेळ साधारण २५ ते ३० मिनिटं. 'ब्रेन प्लेन' एवढंच लिहून पाठवलं, तर बऱ्याचदा ५ मिलिमीटरचे आडवे काप मिळतात आणि त्यांवर हिपोकॅम्पसबद्दल ठामपणे काही सांगता येत नाही.

याचं कारण जरा जवळून बघण्यासारखं आहे. हिपोकॅम्पस ही कानशिलाच्या आतल्या बाजूला पुढून मागे जाणारी गुंडाळी आहे. अळूवडीचा उंडा डोळ्यांसमोर आणा. लांबीला काटकोनात सुरी चालवली तर वेटोळं स्वच्छ दिसतं. तिरकी चालवली तर तीच वडी लांबट, चपटी नाहीतर फुगलेली दिसते. म्हणून कोरोनल काप (एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंतचे उभे) हिपोकॅम्पसच्या लांबीला काटकोनात घ्यायचे असतात. थ्रीडी टी-वन असेल तर संगणकावर मागाहूनही तसे पाडता येतात, जाड काप असतील तर येत नाहीत. डोकं एका बाजूला वळलेलं असेल, तर एका बाजूचा काप पुढचा आणि दुसऱ्या बाजूचा मागचा येतो आणि रिपोर्टात 'डावीकडे जास्त झीज' असं उमटतं, जी प्रत्यक्षात नसते.

एमटीए म्हणजे १९९२ साली शेल्टेन्स यांनी मांडलेली ० ते ४ ची मोजपट्टी. तीन गोष्टी बघायच्या: हिपोकॅम्पसच्या वरची कोरॉइड फट, बाजूचं टेम्पोरल हॉर्न (गुहेचं कानशिलातलं टोक) आणि हिपोकॅम्पसची उंची. फट जेमतेम रुंदावली तर १. हॉर्नही उघडलं तर २. उंची कमी झाली तर ३. उंची फारच गेली तर ४. आता वय लक्षात घ्या. ७५ च्या आत २ हा आकडा असामान्य धरतात, ७५ च्या पुढे ३ पासून. म्हणजे ६६ व्या वर्षीचा '२' आणि ८१ व्या वर्षीचा '२' यांचा अर्थ एक नाही. संघातली मंडळी एकमेकांचे आकडे ताडून बघतील, त्यांना हे आधीच सांगा.

फॅझेकस ० ते ३, तो पांढऱ्या भागातल्या ठिपक्यांचा. १ म्हणजे सुटे ठिपके, सत्तरीत नेहमी दिसणारे. २ मध्ये ते एकमेकांना मिळू लागतात, ३ मध्ये मोठे पट्टे होतात. हा आकडा मुख्यतः बारीक रक्तवाहिन्यांची हकिकत सांगतो: रक्तदाब, मधुमेह, तंबाखू. खरं तर रंगीत पानावरच्या टक्केवारीपेक्षा या आकड्यावरून करण्यासारखं जास्त असतं, आणि लोक नेमका तोच वाचत नाहीत.

'वयोमानानुसार झीज' असं एकच वाक्य असेल तर रेडिओलॉजिस्टला परत विचारा: एमटीए किती, पेरायटल (डोक्याच्या वर-मागच्या भागातली) झीज किती, ठिपके किती आणि रक्ताचे बारीक डाग किती. तुलनेने तरुण वयात, साठीच्या आसपास सुरू होणाऱ्या अल्झायमरमध्ये हिपोकॅम्पस शाबूत आणि मागचा पेरायटल भाग झिजलेला, असं चित्र असू शकतं. त्यासाठी कोएडामची ० ते ३ ची पट्टी आहे.

आकारमान काढणाऱ्या सॉफ्टवेअरबद्दल दोन इशारे. 'तुमच्या वयाचे शंभर' हे बहुतेक सॉफ्टवेअरमध्ये अमेरिकेतले किंवा युरोपातले असतात. कवटीच्या आकाराचा हिशेब करून दुरुस्ती केलेली असते, पण तेवढ्याने सगळा फरक मिटत नाही. आणि स्कॅन चालू असताना माणूस हलला, तर सॉफ्टवेअरला मेंदूचा बाहेरचा करडा थर आहे त्यापेक्षा पातळ वाटतो. रंगीत पान छापून येतंच, ते आतल्या धूसर चित्राबद्दल काही बोलत नाही. म्हणून मूळ चित्र रेडिओलॉजिस्टने डोळ्यांनी बघितल्याशिवाय टक्केवारीला हात लावू नये.

---

टेस्ला_तीन

वरच्यात फक्त तंत्रज्ञाच्या बाजूची भर.

ज्येष्ठांच्या स्कॅनमध्ये सर्वांत जास्त गडबड हलण्याने होते, आणि हलण्याचं कारण बहुतेक वेळा साधं असतं: लघवी, थंडी, पाठ. आत जायच्या आधी लघवीला पाठवा, गुडघ्यांखाली उशी द्या, पांघरूण द्या, डोक्याच्या दोन्ही बाजूंना फोम घट्ट बसवा. श्रवणयंत्र बाहेर काढावं लागतं, त्यामुळे काय होणार आहे ते ते काढायच्या आधी सांगायचं, आणि हातातला रबरी बल्ब दाबून दाखवायला लावायचा. थ्रीडी टी-वन सगळ्यात आधी घ्यावा. पंधराव्या मिनिटानंतर माणूस चुळबुळ करतो, तोवर महत्त्वाचं चित्र हाती आलेलं असतं.

मंगळसूत्र, नथ, केसांतले आकडे, कवळी, कंबरेचा करगोटा हे सगळे विचारतात. विसरली जाते ती त्वचेवरची औषधाची पट्टी. काही पट्ट्यांच्या पाठीला धातूचा पातळ थर असतो आणि तिथे भाजतं. स्मृतिभ्रंशाचं औषधही पट्टीतून देतात, म्हणून पाठ, दंड, छाती बघूनच आत घ्या. पेसमेकर असेल तर कार्ड दाखवल्याशिवाय आत नाही. गुडघ्याचा सांधा किंवा हृदयातला स्टेंट असेल तर सहसा अडत नाही, पण कागद सोबत हवा.

---

अर्धायुकाल

पेटकडे वळतो, म्हणजे किरणोत्सारी द्रव्याची सुई टोचून ते मेंदूत कुठे जमतं ते बघणाऱ्या स्कॅनकडे. 'मेंदूचा पेट' हा एकच स्कॅन आहे असं समजून लोक येतात. प्रत्यक्षात तीन वेगवेगळे प्रश्न विचारणारे तीन स्कॅन आहेत.

एफडीजी (साखरेसारखं किरणोत्सारी द्रव्य) वापरणारा पेट मेंदूतला साखरेचा वापर दाखवतो. अल्झायमरमध्ये कानशिलामागचा टेम्पोरो-पेरायटल भाग आणि मध्यरेषेवरचे पोस्टेरिअर सिंग्युलेट व प्रिक्युनिअस मंद पडतात. पुढचा भाग मंद असेल तर फ्रंटो-टेम्पोरल प्रकारच्या स्मृतिभ्रंशाचा विचार करायचा. डोक्याच्या मागे, दृष्टीच्या भागात मंदपणा असेल आणि सिंग्युलेटचा मागचा भाग बेटासारखा उजळ उरला असेल, तर ल्युई बॉडी प्रकाराचा. कुठला स्मृतिभ्रंश आहे हे वेगळं करायला हा स्कॅन उत्तम, आणि तिघांत सर्वांत सहज मिळणारा.

याची तयारी चुकली तर निकाल चुकतो, आणि आपल्याकडे ती मधुमेहामुळे चुकते. चार ते सहा तास उपाशी, पाणी चालतं. सुई द्यायच्या आधी रक्तातली साखर बघायची. ती १६० च्या वर असेल तर शरीरातली साखर एफडीजीशी स्पर्धा करते, एकूण चित्र फिकट होतं. अवघड भाग हा की साखर चढलेली असताना निरोगी मेंदूतही नेमका प्रिक्युनिअस-पेरायटल भाग मंद दिसू शकतो, म्हणजे हुबेहूब अल्झायमरसारखा नकाशा. मग ऐनवेळी इन्शुलिन टोचून आकडा खाली आणावा असं कुणी सुचवतं. तसं करू नका. तारीख बदला आणि औषधं नीट बसवून पुन्हा या.

सुईनंतरची ३० मिनिटं मंद उजेडाच्या शांत खोलीत पडून राहायचं. बोलणं नाही, मोबाइल नाही, नातेवाइकांच्या गप्पा नाहीत. मेंदूचा जो भाग त्या वेळी काम करतो तो साखर ओढतो आणि नकाशात उजळतो. अस्वस्थ माणसाला झोपेचं औषध द्यायचंच असेल तर ते या अर्ध्या तासानंतर, स्कॅनच्या तोंडावर.

दुसरा अमायलॉइड पेट. पिट्सबर्ग कंपाउंड-बी नावाच्या द्रव्याने माणसातलं पहिलं चित्र २००२ साली स्वीडनमध्ये उप्साला इथे घेतलं गेलं. ते द्रव्य कार्बन-११ वर बांधलेलं, अर्धायुकाल (निम्मं उरायला लागणारा वेळ) २० मिनिटं. तासाभरात आठवा हिस्सा उरतो, म्हणून ते बनवणारं यंत्र, सायक्लोट्रॉन, त्याच आवारात लागतं. पुढची द्रव्यं फ्लोरिन-१८ वर आली, त्याचा अर्धायुकाल ११० मिनिटं. फ्लोरबेटापिरला अमेरिकेत २०१२ साली मान्यता मिळाली, फ्लुटेमेटामोलला २०१३, फ्लोरबेटाबेनला २०१४.

भारतातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन २००२ साली मुंबईत परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये आला. आता अनेक शहरांत आहेत, तरी ११० मिनिटांचं गणित टळत नाही. मुंबईहून नाशिकला माल पोचायला चार तास लागले, तर पाचव्या हिश्श्याहून किंचित जास्त उरतं. एका माणसाला १० मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) टोचायच्या तर निघताना ४५ च्या आसपास भराव्या लागतात. कसाऱ्याच्या घाटात गाडी अडकली की त्या दिवशीच्या शेवटच्या रुग्णाचा स्कॅन रद्द होतो. एफडीजीला रोज मागणी असते म्हणून तो रोज बनतो. अमायलॉइडचं द्रव्य तसं नाही, ते आधी ठरवून, काही रुग्ण एकत्र जमवून बनवावं लागतं. पत्रकात लिहा: उपलब्धता आणि तारीख आधी फोनवर विचारून मगच प्रवास करा.

अमायलॉइड पेटला उपास लागत नाही, साखरेचीही अडचण नाही. फ्लोरबेटापिर १० मिलिक्युरी, ३० ते ५० मिनिटं थांबून १० मिनिटांचं चित्र. फ्लुटेमेटामोल ५ मिलिक्युरी, साधारण ९० मिनिटांनी २० मिनिटांचं. फ्लोरबेटापिरच्या एका स्कॅनमधून सुमारे ७ मिलिसिव्हर्ट किरणोत्सर्ग मिळतो. निसर्गातून जगभरात सरासरी वर्षाला २.४ मिळतो, त्यावरून अंदाज घ्या. सत्तरीत ही चिंतेची बाब नाही, पण कारण नसताना घ्यावी अशीही नाही.

चित्र वाचताना नवख्याची फसगत अशी होते: ही द्रव्यं पांढऱ्या भागाला तशीही चिकटतात. त्यामुळे निरोगी मेंदूतही आत भरपूर उजेड दिसतो, फांद्या पसरलेल्या झाडासारखा. बघायचं असतं ते त्या फांद्यांची कड. कड स्पष्ट असेल तर निगेटिव्ह. उजेड बाहेरच्या करड्या थरापर्यंत भरून कड पुसली गेली असेल तर पॉझिटिव्ह. मेंदू खूप झिजलेला असेल तर करडा थर इतका पातळ होतो की पॉझिटिव्ह असूनही कड शाबूत वाटते. अशा वेळी शेजारी एमआरआय उघडून ठेवल्याशिवाय निकाल देऊ नये.

निकाल आकड्यात दिला तर तो सेंटिलॉइडमध्ये मागा. तरुण निरोगी माणसांची सरासरी म्हणजे ०, अल्झायमरच्या ठरलेल्या रुग्णांची सरासरी म्हणजे १००. दहाच्या खाली साफ निगेटिव्ह, तीसच्या वर साफ पॉझिटिव्ह, मधला पट्टा खरोखर धूसर. सरळ एसयूव्हीआर (मेंदूच्या दोन भागांतल्या उजेडाचं गुणोत्तर) आकडा छापला असेल तर तो दुसऱ्या द्रव्याच्या, दुसऱ्या केंद्राच्या आकड्याशी ताडता येत नाही.

तिसरा टाऊ पेट, फ्लोरटॉसिपिरचा, अमेरिकेत २०२० साली मान्य झाला. विसरण्याची तीव्रता अमायलॉइडपेक्षा टाऊच्या पसरण्याशी जास्त जुळते. लक्षणं दिसेपर्यंत अमायलॉइड बरंचसं साचून स्थिर होत आलेलं असतं, टाऊ पुढे सरकत राहतो. आपल्याकडे रोजच्या वापरात हा स्कॅन अजून विरळा.

---

गोदाकाठ

इतकं सविस्तर लिहिलंत, मनापासून आभार. दोन गोष्टी राहिल्या. एमआरआय दर वर्षी करून झीज मोजत राहावी, असा सल्ला सभासदांना मिळतो आहे. त्याने काही कळतं का? आणि मुख्य प्रश्न: स्मरणशक्ती उत्तम असलेल्या ७० वर्षांच्या माणसाचा अमायलॉइड पेट पॉझिटिव्ह आला, तर त्याला काय सांगायचं? रक्ताची नवी तपासणी निघाली आहे, ती करावी का, असंही विचारतात.

---

कोरोनल_काप

दर वर्षीच्या मोजणीबद्दल. एका बाजूचा हिपोकॅम्पस साधारण ३ मिलिलिटरचा. निरोगी वृद्धात वर्षाला दीड टक्क्याच्या आसपास घट होते, म्हणजे ४० ते ४५ घनमिलिमीटर: कोरड्या साबुदाण्याचा एक दाणा. अल्झायमरमध्ये साडेचार-पाच टक्के, म्हणजे तीन-साडेतीन दाणे. एका दाण्याचा आणि तीन दाण्यांचा फरक वर्षभराच्या अंतराने मोजायचा, आणि मध्ये मशीन बदललेलं, सॉफ्टवेअर बदललेलं, डोकं वेगळ्या कोनात ठेवलेलं. मोजमापातली चूकच तेवढी भरते. संशोधनात हे जमतं, कारण तिथे मशीन, सीक्वेन्स, सॉफ्टवेअर सगळं बांधून ठेवतात आणि शेकडो माणसांची सरासरी काढतात. एकट्या माणसासाठी पुन्हा स्कॅन करायचाच असेल, तर डॉक्टरांना वागण्यात किंवा चाचणीत बदल दिसल्यावर, त्याच मशीनवर, त्याच प्रोटोकॉलने. जुन्या स्कॅनची मूळ डायकॉम फाइल पेन ड्राइव्हवर जपा. फिल्मवरून किंवा मोबाइलवर आलेल्या फोटोवरून मोजणी होत नाही.

निरोगी माणसाचा स्कॅन म्हणजे अनपेक्षित सापडण्यांचीही शक्यता. नेदरलँड्समधल्या रॉटरडॅम अभ्यासात २,००० सर्वसामान्य लोकांचे, सरासरी वय ६३, एमआरआय केले. ७.२ टक्क्यांत न जाणवलेले जुने छोटे पक्षाघात, १.८ टक्क्यांत रक्तवाहिनीचा फुगा, ०.९ टक्क्यांत मेनिंजिओमाची (मेंदूच्या आवरणातली) गाठ सापडली. हे निष्कर्ष २००७ चे. फुग्याचं निदान झालेला माणूस पुढची वर्षं कशी काढतो, याचा विचार पॅकेज घेण्याआधी व्हायला हवा. विम्याच्या अर्जातही आधीच्या तपासण्यांबद्दल विचारतात.

---

न्यूरो_ओपीडी

मुख्य प्रश्नाचं उत्तर देतो.

अमायलॉइड पॉझिटिव्ह असणं आणि अल्झायमरचा स्मृतिभ्रंश असणं यांत मोठं अंतर आहे. विचारशक्ती चांगली असलेल्या लोकांतही अमायलॉइड पॉझिटिव्ह असण्याचं प्रमाण पन्नाशीत १० टक्के आणि नव्वदीत ४४ टक्के, असं २०१५ साली अनेक अभ्यास एकत्र करून काढलेलं आहे. यांतल्या अनेकांना जिवंतपणी स्मृतिभ्रंश होत नाही. अमेरिकेच्या आकडेवारीवर २०१८ साली मांडलेल्या एका गणिती प्रतिमानानुसार, स्मरणशक्ती चांगली आणि फक्त अमायलॉइड असलेल्या ६५ वर्षांच्या बाईला उरलेल्या आयुष्यात अल्झायमरचा स्मृतिभ्रंश होण्याची शक्यता २९.३ टक्के. तीच स्थिती ९० व्या वर्षी असेल तर ८.४ टक्के, कारण तोवर दुसऱ्या कारणाने आयुष्य संपण्याची शक्यताच जास्त. हे दोन आकडे पत्रकात शेजारी शेजारी छापा. 'पॉझिटिव्ह' या शब्दाची दहशत त्यांनी बरीच उतरेल.

तज्ज्ञांत याच मुद्द्यावर खरा मतभेद आहे, तो लपवू नये. अमेरिकेच्या अल्झायमर्स असोसिएशनने २०२४ साली रोगाची व्याख्या जैविक खुणांवर बांधली: खूण असेल तर रोग आहे, लक्षणं नसली तरी. आंतरराष्ट्रीय कार्यगटाने त्याच वर्षी उलट भूमिका घेतली: लक्षणं नसतील तर त्या माणसाला 'धोका असलेला' म्हणा, रोगी म्हणू नका. रुग्णाशी बोलताना मला दुसरी भाषा योग्य वाटते. पण एका गोष्टीवर दोन्ही बाजूंचं एकमत आहे: लक्षणं नसलेल्यांची ही तपासणी रोजच्या वैद्यकीय व्यवहारात करू नये. संशोधनात जरूर. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तेच, करू नये. माझं मत इतकं ठाम असण्याचं कारण, आज निकालाच्या जोरावर अशा माणसाला देण्यासारखं सिद्ध औषध नाही, आणि जे करायचं ते स्कॅनशिवायही करायचंच आहे: रक्तदाब, साखर, एलडीएल कोलेस्टेरॉल, ऐकू येणं, दिसणं, तंबाखू, चालणं, माणसांत राहणं. लॅन्सेटच्या आयोगाने २०२४ साली अशी १४ कारणं मोजली आणि जगातला सुमारे ४५ टक्के स्मृतिभ्रंश त्यांच्याशी जोडला. सत्तरीतल्या माणसाने पॅकेजचे पैसे श्रवणयंत्राकडे वळवले तर मला जास्त आनंद होईल.

लक्षणं असतील तर गोष्ट पूर्ण वेगळी. तिथे अमायलॉइड पेट उपयोगी ठरतो. अमेरिकेत आयडियाज नावाच्या अभ्यासात ११,४०९ लोकांचा हा स्कॅन झाला. सौम्य विस्मृती असलेल्यांपैकी ६०.२ टक्क्यांची आणि स्मृतिभ्रंश असलेल्यांपैकी ६३.५ टक्क्यांची उपचाराची दिशा त्याने बदलली. निगेटिव्ह निकालही मोलाचा, कारण मग अल्झायमर सोडून दुसरं कारण शोधायचं असतं. ऐंशीच्या पुढे हिपोकॅम्पस झिजलेला आणि अमायलॉइड निगेटिव्ह असेल, तर टीडीपी-४३ या वेगळ्या प्रथिनाचा आजार असू शकतो. २०१९ पासून त्याला 'लेट' असं नाव आहे, आणि एमआरआयवर तो अल्झायमरसारखाच दिसतो.

रक्ताची तपासणी म्हणजे टाऊ प्रथिनाचा एक प्रकार मोजणारी पी-टाऊ २१७. अमेरिकेत मे २०२५ मध्ये पी-टाऊ २१७ आणि अमायलॉइड-४२ यांच्या गुणोत्तराची एक चाचणी मान्य झाली, तीही ५५ च्या पुढच्या, लक्षणं असलेल्या माणसांसाठी. लक्षणं नसलेल्यांवर ती वापरली तर काय होतं, हिशेब करून बघा. समजा चाचणी दोन्ही बाजूंनी ९० टक्के अचूक आहे, म्हणजे अमायलॉइड असलेल्या आणि नसलेल्या, दोन्ही गटांतल्या १०० पैकी ९० जणांना बरोबर ओळखते. विस्मृतीच्या बाह्यरुग्ण विभागात १०० पैकी ६० जणांत अमायलॉइड असेल, तर ५४ खरे पॉझिटिव्ह आणि ४ खोटे. तुमच्या संघातल्या तक्रार नसलेल्या १०० जणांत २० जणांत असेल, तर १८ खरे आणि ८ खोटे. चाचणी तीच, पण घाबरून घरी जाणाऱ्या २६ पैकी ८ जण विनाकारण घाबरलेले. आणि मूत्रपिंड अधू असेल तर हा आकडा आपोआप चढतो. क्रिएटिनिन बघितल्याशिवाय निकाल वाचू नये.

औषधांमुळे एमआरआयचं महत्त्व वाढलं आहे, म्हणून तेवढं सांगतो. अमायलॉइड काढणारं लेकानेमॅब अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये पूर्ण मान्य झालं, डोनानेमॅब जुलै २०२४ मध्ये. ती सौम्य लक्षणं असलेल्यांसाठीच आहेत. लेकानेमॅबच्या मुख्य चाचणीत १८ महिन्यांनंतर, स्मृतिभ्रंशाची तीव्रता मोजणाऱ्या १८ गुणांच्या पट्टीवर, औषध न मिळालेल्या गटाच्या तुलनेत ०.४५ गुणांचा फरक पडला. १२.६ टक्के लोकांच्या मेंदूला स्कॅनवर दिसणारी सूज आली. औषध सुरू करण्याआधी एसडब्ल्यूआयवर रक्ताचे बारीक डाग मोजतात, चारपेक्षा जास्त असले तर देत नाहीत. सुरू केल्यावरही ठरलेल्या डोसांच्या आधी एमआरआय पुन्हा करतात. वर प्रोटोकॉलमध्ये एसडब्ल्यूआय आला त्याचं एक कारण हेही.

आता क्रम. विसरण्याची तक्रार घेऊन माणूस आला की स्कॅनच्या आधी घरच्या माणसाला वेगळं बसवून विचारायचं. चष्मा कुठे ठेवला हे विसरणं फार सांगत नाही. आमटीत मीठ दोनदा पडणं, दूध गॅसवर ठेवून बाहेर जाणं, पेन्शनचा हिशेब वर्षानुवर्षं चोख ठेवणाऱ्याचं पासबुक आता जुळेनासं होणं, पन्नास वेळा गेलेल्या भाचीच्या घराचा रस्ता चुकणं, हे सांगतं. मग मराठीतून मोका, ही स्मृती आणि विचारशक्तीची कागद-पेन्सिलची चाचणी: ३० पैकी २६ ही नेहमीची रेघ, शिक्षण १२ वर्षांपर्यंतचं असेल तर एक गुण वाढवून द्यायचा. चौथी शिकलेल्या आजींना मात्र तो एक गुण पुरत नाही. घड्याळ काढता आलं नाही म्हणून त्यांना स्मृतिभ्रंश ठरवू नका. पेन्सिल हातात धरायची सवयच नसते. त्यानंतर रक्त: बी-१२, टीएसएच (थायरॉइडसाठी), साखर, सोडियम, क्रिएटिनिन. औषधांची पिशवी ओतून बघायची: लघवीसाठी ऑक्सिब्युटिनिन, झोपेसाठी ॲमिट्रिप्टिलिन, सर्दीची क्लोरफेनिरामाइन, यांनी विसरायला होतं. उदासपणा आणि झोप विचारायची. एवढं झाल्यावर एमआरआय, आणि त्यानंतरही प्रश्न उरला तर पेट. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना, सुमारे ८८ लाखांना, स्मृतिभ्रंश आहे. त्या सगळ्यांपर्यंत पेट पोचणार नाही, पण हा क्रम तालुक्याच्या दवाखान्यातही पाळता येतो.

---

गोदाकाठ

एमआरआयला पाठवताना फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीत काय असावं, त्याचा नमुना मिळाला तर तो तसाच छापतो.

---

न्यूरो_ओपीडी

असा ठेवा:

'वय ७२, स्त्री, शिक्षण पदवीपर्यंत. ९ महिन्यांपासून नुकत्याच घडलेल्या गोष्टी विसरणं, हळूहळू वाढतं आहे. चाल आणि लघवी ठीक. पडल्याचा इतिहास नाही. रक्तदाबाची गोळी आणि ॲस्पिरिन ७५ चालू. मोका २१. बी-१२, टीएसएच नॉर्मल. एमआरआय मेंदू, कॉन्ट्रास्टशिवाय, स्मृतिभ्रंशाचा प्रोटोकॉल: थ्रीडी टी-वन, फ्लेअर, एसडब्ल्यूआय, डिफ्यूजन. कृपया रिपोर्टात लिहावं: दोन्ही बाजूंचा एमटीए, कोएडाम, फॅझेकस, रक्ताच्या बारीक डागांची संख्या व जागा, जुने पक्षाघात, गुहांची रुंदी वाढली असल्यास इव्हान्स इंडेक्स.'

पडल्याचा इतिहास आणि रक्त पातळ करणारं औषध या दोन ओळी गाळू नका. रिपोर्ट वाचणाऱ्याची नजर त्यांनी बदलते.

---

कोरोनल_काप

यात एक ओळ वाढवा: 'शरीरात पेसमेकर, कॉक्लिअर इम्प्लांट, मेंदूतली क्लिप, डोळ्यात धातूचा कण: आहे / नाही'. डोळ्यातला कण नक्की विचारा. लेथवर, वेल्डिंगवर आयुष्य काढलेले सभासद नाशिकमधल्या सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून निवृत्त झालेले असतील, आणि चाळीस वर्षांपूर्वी डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण आपणहून कुणी सांगत नाही. 'आहे' किंवा 'आठवत नाही' असं उत्तर आलं तर आधी डोळ्यांचा एक्स-रे काढायचा.